मन, आहार आणि रक्तातली साखर : वाचकांचे प्रश्न

मधुमेह, वजन आणि आहार यांचा मनःस्थितीशी असलेला संबंध या विषयावर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. नावे वगळली आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत. ही उत्तरे प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नव्हेत. मात्र कोणती तपासणी करून घ्यायची आणि आपल्या डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, हे त्यांतून स्पष्ट व्हावे, असा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : माझे वय 34 आहे आणि मी पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. उंचीच्या मानाने माझे वजन योग्य आहे. तरीही कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर 112 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) 210 निघाले. गेले काही महिने कशातच रस वाटत नाही, रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही. मी बारीक असताना हे कसे झाले? आहार सुधारला तर उदासीही जाईल का?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शहरात सापडलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3 होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होते. आपल्याकडे वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात, यकृताभोवती चरबी साठलेली असू शकते आणि स्नायू मात्र कमी असतात. म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. आपली साखर मधुमेहपूर्व टप्प्यात आहे. या टप्प्यावरून माघारी फिरणे पुष्कळांना शक्य होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण तपासणीचा अहवाल हातात पडल्यावर अनेकांचा धीरच सुटतो.

साखर आणि उदासी यांचा संबंध दुहेरी आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते आणि उलट बाजूने, नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोकाही वाढलेला असतो. दीर्घकाळ ताण राहिला की कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते, त्यामुळे साखर वाढते व पोटावर चरबी साठते. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. आणि पोटातल्या चरबीतून स्रवणारे दाहकारक घटक मेंदूपर्यंत परिणाम करतात, असे मानण्यास आधार आहे. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी तर मधुमेहाचे मूळ दीर्घकाळच्या दुःखात शोधले होते. आज आपण इतके सरळ कारण लावत नाही; पण संबंध त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

आता आहाराविषयी. ऑस्ट्रेलियातील फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नैराश्य असलेल्या व सदोष आहार घेणाऱ्या 67 व्यक्तींचे दोन गट केले होते. एका गटाला 12 आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले : डाळी, भाज्या, फळे, अख्खी धान्ये, मासे, सुकामेवा वाढवायचा आणि गोड, तळलेले, पाकीटबंद पदार्थ कमी करायचे. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ सोबत आणि गप्पा मिळाल्या. आहार गटातील सुमारे 32 टक्के, तर दुसऱ्या गटातील 8 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. ही चाचणी लहान होती आणि आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागी लोकांना ठाऊक होते, हे विसरू नये. त्यातील बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशनही चालूच होते. दोन वर्षांनी युरोपातील चार देशांत एक हजाराहून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीत पूरक जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी नैराश्याला प्रतिबंध झाला नाही. म्हणून माझे मत असे आहे की आहार हा उपचाराचा एक भक्कम भाग आहे, तो एकट्याने पुरेसा असेलच असे नाही. आणि गोळीतले जीवनसत्त्व ताटातल्या अन्नाची जागा घेत नाही.

जॅका यांच्या चाचणीतला आहार भूमध्य सागराकाठच्या धर्तीचा होता. तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, ताक आणि खात असाल तर बांगडा किंवा तारली, एवढ्यात त्यातले बहुतेक घटक येतात. सकाळी नुसते पोहे आणि दोन चहा, दुपारी उपाहारगृहातली पोळी, भात आणि बटाट्याची भाजी, रात्री अकरा वाजता मागवलेले जेवण, असा दिवस असेल तर पोह्यांत मोड आलेले कडधान्य घालणे, भाताआधी उसळ आणि कोशिंबीर खाणे व रात्रीचे जेवण दोन तास अलीकडे आणणे येथून सुरुवात करावी. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. मात्र आपली उदासी काही महिन्यांची आहे. आहाराचा परिणाम दिसेपर्यंत थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना आताच भेटा. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे.

प्रश्न : माझे वडील 61 वर्षांचे, शुद्ध शाकाहारी आहेत. दहा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत आहेत. वर्षभरात ते चिडचिडे झाले आहेत, विसरतात, पायांना मुंग्या येतात. घरात सर्वांना हे निवृत्तीनंतरचे नैराश्य वाटते.

कृपया याच आठवड्यात त्यांचे रक्तातील बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. मेटफॉर्मिन हे उत्तम आणि सुरक्षित औषध आहे. परंतु त्याने आतड्यातून बी-12 शोषले जाण्यात अडथळा येतो आणि मात्रा व वर्षे वाढत जातील तसा हा धोका वाढतो. त्यात वनस्पतीजन्य अन्नात बी-12 नसतेच. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून जेवढे मिळेल तेवढेच. पुणे जिल्ह्यातील गावांत 1990 च्या दशकात सुरू झालेल्या गर्भवती मातांच्या अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-12 कमी आढळले होते. म्हणजे आपल्याकडे अनेकांची सुरुवातच उणीव असलेल्या साठ्याने होते आणि वर दहा वर्षे मेटफॉर्मिन.

बी-12 च्या कमतरतेत चिडचिड, उदासी, विस्मरण, क्वचित भ्रमही होतो. आणि पायांच्या मुंग्यांना ‘साखरेमुळे नसा खराब झाल्या’ असे म्हणून सोडून दिले जाते. हिमोग्लोबिन चांगले असतानाही मज्जातंतूंची हानी चालू राहू शकते. पातळी 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता बहुधा नक्की. 200 ते 300 च्या मध्ये असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमेलोनिक आम्लाची तपासणी सुचवतील. औषधाच्या दुकानातून केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणून देऊ नका. त्याने रक्तक्षय सुधारतो आणि नसांचा आजार मात्र झाकलेला राहतो. लक्षणे मज्जासंस्थेची असल्यामुळे सुरुवातीला इंजेक्शने द्यावी लागतील. मेटफॉर्मिन बंद करण्याची गरज बहुतेकदा पडत नाही. सोबत थायरॉइडचीही तपासणी करावी. हे सगळे व्यवस्थित निघाले आणि तरीही खिन्नता राहिली, तर ती नैराश्याची असू शकते आणि तिचाही उपचार आहे. परंतु दुरुस्त होऊ शकणारी शारीरिक कमतरता ‘वयाप्रमाणे होतेच’ म्हणून वर्षभर दुर्लक्षित राहावी, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : सेरोटोनिन आतड्यात तयार होते, म्हणून केळी आणि चॉकलेट खाल्ल्याने आनंदी वाटते, हे खरे आहे का?

सेरोटोनिन हे मनःस्थितीशी संबंध असलेले संदेशवाहक रसायन आहे. शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते, हे खरे. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःचे सेरोटोनिन स्वतः तयार करतो. आतड्यांतले जिवाणू आणि मन यांच्या संबंधावर गंभीर संशोधन चालू आहे, मात्र त्यावरून एखादा विशिष्ट पदार्थ औषध ठरत नाही. केळे खावे, ते चांगले फळ आहे.

प्रश्न : आईचे वय 66. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. संकष्टीच्या उपवासाच्या दिवशी दुपारी तिला घाबरे होते, घाम फुटतो, हात थरथरतात, काहीतरी वाईट होणार असे वाटते. डॉक्टरांनी चिंतेची गोळी दिली आहे. ती उपवास सोडायला तयार नाही.

आपण वर्णन केलेली लक्षणे भीतीच्या झटक्याची असू शकतात. पण ती रक्तातली साखर घसरण्याचीही तंतोतंत लक्षणे आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग आपण जेवलेले असा वा नसा. साखर खाली गेली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते आणि त्यातून घाम, कंप, धडधड व प्राण कासावीस होण्याची भावना येते. पुढच्या वेळी असे झाले की प्रथम बोटातून साखर तपासा. ती 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि नंतर खायला द्या. त्या शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्या. साखर मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर त्याची वाट न पाहता साखरपाणी द्यावे.

श्रद्धेचा उपवास सोडण्याचा आग्रह मी धरणार नाही. डॉक्टरांना संकष्टी, एकादशी, नवरात्र अशा दिवसांची यादी दाखवून त्या दिवशी गोळीची मात्रा कमी करायची, पुढे ढकलायची की औषधच बदलायचे, हे आधी ठरवून घ्या. नवी काही औषधे साखर सहसा इतकी खाली नेत नाहीत. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असेल तर ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो, म्हणून क्रिएटिनिनही तपासावे. फराळात साबुदाण्याची खिचडी एकट्याने नको. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असून तो साखर झपाट्याने चढवतो. थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही असे दोन-तीनदा विभागून घेतले तर दिवस सुखाने जाईल.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झापिनने ती खूप सुधारली, पण सहा महिन्यांत 14 किलो वजन वाढले. सारखी भूक लागते म्हणून आई स्वयंपाकघराला कुलूप लावते. बहीण गोळी बंद करायची म्हणते.

आधी बहिणीला सांगा की ही तिची हाव नव्हे. ओलान्झापिन मेंदूतील भूक आणि तृप्ती यांच्या नियंत्रणावरच परिणाम करते. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. कुलपामुळे भूक कमी होत नाही, अपमान तेवढा वाढतो. आईंचा हेतू निश्चितच मायेचा आहे, म्हणून त्यांनाही हे शांतपणे समजावून द्या.

गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे, कारण आजार उलटण्याची शक्यता मोठी असते. पण ‘मन सुधारले ना, मग वजनाचे काय एवढे’ असे म्हणून गप्प बसणेही मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षांनी कमी असते आणि त्यातील बरेचसे मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांमुळे होतात. अशा औषधांच्या सुरुवातीला आणि पुढे ठराविक काळाने वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व रक्तातील चरबी मोजावी, अशी शिफारस अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार संघटनांनी 2004 सालीच केली आहे. ही तपासणी झाली नसेल तर ती मागणे हा तिचा हक्क आहे. मनोविकारतज्ज्ञांसमोर दोन प्रश्न ठेवा : अरिपिप्राझोल किंवा लुरासिडोन यांसारख्या, वजन कमी वाढवणाऱ्या औषधाकडे हळूहळू जाता येईल का, आणि ते शक्य नसेल तर वजनासाठी मेटफॉर्मिन जोडता येईल का? दोन्ही मार्ग रूढ आहेत. घरी थंड पेये व फळांचे पाकीटबंद रस आणणे सर्वांनीच थांबवावे, भूक लागली की भाजलेले चणे, काकडी, ताक, उकडलेले अंडे हाताशी ठेवावे आणि संध्याकाळी तिच्यासोबत कुणीतरी फिरायला जावे.

प्रश्न : मला बायपोलर आजार आहे आणि लिथियम चालू आहे. किटो आहाराने मानसिक आजार बरे होतात असे ऐकले. मी सुरू करू का?

स्वतःहून सुरू करू नका. किटो म्हणजे पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असलेला आहार. या आहाराला वैद्यकीय इतिहास आहे. 1921 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी सुचवला आणि औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या अपस्मारात तो आजही दिला जातो. 2024 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजाराच्या 21 रुग्णांवरील चार महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वजन व चयापचय सुधारले आणि अनेकांना मानसिकदृष्ट्याही बरे वाटले. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि सर्वांची औषधे चालू होती. मला ही दिशा आशादायक वाटते. उपचार म्हणून सर्वांना सुचवण्याइतका पुरावा अजून नाही.

आपल्या बाबतीत अडचण लिथियमची आहे. पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की पहिल्या काही दिवसांत शरीरातून पाणी आणि सोडियम मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. सोडियम घटले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि त्याची रक्तातील पातळी विषारी होऊ शकते. हाताचा जाडसर कंप, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे असून ती दिसताच रुग्णालय गाठावे. कडक निर्जळी उपवासातही हाच धोका आहे. याशिवाय मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर किटो आहाराने रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे निदान चुकते. वजन किंवा साखर कमी करणे हे आपले उद्दिष्ट असेल तर भात-पोळीचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करा, डाळी-उसळी वाढवा, मीठ आणि पाणी नेहमीइतकेच ठेवा आणि बदल सुरू करण्यापूर्वी तसेच त्यानंतर आठवडाभराने लिथियमची पातळी व क्रिएटिनिन तपासून घ्या.