परसबागेचे माप बादलीने काढावे : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना कृषी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या महिनाभरात सांगोला तालुक्यातील काही गावांतून परसबागेसंबंधी बरेच प्रश्न आमच्याकडे आले. त्यांतील जे प्रश्न एकाच वेळी अनेकांनी विचारले आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची स्वतःची शेती असून त्यांतील काहींच्या डाळिंबाच्या बागा उत्तम आहेत. तरीही घरामागची चार वांगी आणि दोन वेल हाताला लागत नाहीत, ही त्यांची तक्रार आहे. मला असे दिसते की ही तक्रार बहुतांशी शेतातल्याच सवयींमुळे निर्माण होते. शेतात जे पाण्याचे, खताचे आणि फवारणीचे प्रमाण हाताला बसलेले असते, तेच आपण परसात वापरतो आणि तेथे ते चुकते.

एका बचत गटातील ताईंनी विचारले आहे की घरामागे तीन गुंठे मोकळी जागा असून घरात पाच माणसे आहेत, मागील वर्षी सर्व जागेत भाजी लावली, परंतु मार्चअखेर सारे वाळून गेले, तर यंदा काय करावे.

ताई, आपली जागा कमी पडली नाही, ती जास्त झाली. परसबाग किती मोठी करावी हे जागेवरून न ठरवता घरातून रोज किती पाणी निघते यावरून ठरवावे. वाफ्याच्या एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतले म्हणजे ते एक मिलिमीटर होते. आपल्या भागात हिवाळ्यात भाजीपाल्याला रोज चार मिलिमीटरच्या आसपास, तर एप्रिल-मेमध्ये आठ मिलिमीटरपर्यंत पाणी लागते, असा ढोबळ हिशेब धरावा. म्हणजे हिवाळ्यात एका चौरस मीटरला चार लिटर आणि उन्हाळ्यात आठ लिटर झाले. तीन गुंठे म्हणजे सुमारे तीनशे चौरस मीटर. एवढ्या जागेला हिवाळ्यातच रोज बाराशे लिटर पाणी हवे, आणि ते आपल्याकडे टँकरच्या दिवसांत कोठून येणार? उलट, घरातील आंघोळीचे, भांडी व भाजी धुण्याचे पाणी आठवडाभर बादलीने मोजून पाहावे. बारा लिटरच्या दहा बादल्या भरत असतील तर ते एकशे वीस लिटर होतात आणि त्यावर हिवाळ्यात तीस चौरस मीटर, उन्हाळ्यात पंधरा चौरस मीटर वाफे जगतात. काडीकचरा, वाळलेले गवत किंवा उसाचे पाचट यांचे दोन-तीन बोटे जाड आच्छादन केल्यास हेच पाणी आणखी थोडे पुरते. उरलेल्या जागेत शेवगा, लिंबू, कढीपत्ता अशी झाडे लावावीत, कारण एकदा मूळ धरल्यावर ती पाण्याची ओढ भाजीपेक्षा अधिक सोसतात.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2011 मधील शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने रोज किमान 300 ग्रॅम भाजी, त्यात 50 ग्रॅम पालेभाजी, आणि 100 ग्रॅम फळे खावीत. पाच माणसांच्या घराला त्यानुसार रोज दीड किलो भाजी लागते. तीस चौरस मीटरमधून ही सगळी भाजी वर्षभर निघेल असे मी म्हणणार नाही. परंतु पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता आणि एखाद्या वेलाची फळभाजी एवढे निश्चित निघू शकते. कांदे-बटाटे बाजारातून आणावेत, त्यांच्यासाठी परसातील पाणी खर्च करू नये.

सांडपाण्याविषयी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी वाळू, खडी आणि विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून झाडांना द्यावे. कपडे धुतलेल्या पाण्यात पावडरीमुळे सोडियमचे प्रमाण अधिक असते आणि आपल्या काळ्या जमिनीत ते सतत मुरत राहिल्यास माती चोपण होऊन तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही, म्हणून हे पाणी वाफ्यांना देऊ नये. शौचालयाचे पाणी तर परसबागेच्या आसपासही आणू नये. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना स्वच्छ पाणीच द्यावे. आपल्या आजीच्या काळी न्हाणीच्या पाटावर केळी आणि अळू लावण्याची रीत होती. ओल आवडणारी पिके ओलीच्या जागी लावण्याची ती रीत आजही तितकीच उपयोगी आहे, फक्त तेथे पाणी तुंबून डास होणार नाहीत एवढे पाहावे.

झाडांच्या जागेविषयीही याच ताईंचा उपप्रश्न आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि सावली उत्तरेकडे पडते, म्हणून शेवगा, पपई, लिंबू ही उंच झाडे वाफ्यांच्या उत्तर बाजूस लावावीत. पश्चिमेला एखादे झाड किंवा वेलाचा मांडव असल्यास उन्हाळ्यातील दुपारचे ऊन अडते, आणि ते अडलेलेच बरे. शेवग्याचा पीकेएम-1 हा वाण लावणीनंतर सहा ते आठ महिन्यांत शेंगा देऊ लागतो, मात्र शेंडा वेळीच खुडून झाड बुटके ठेवावे, नाहीतर शेंगा छपराच्या वर लागतात. शेवग्याला पाणी जास्त झाले तर फुले गळतात, हेही येथेच सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न खताचा आहे. एका शेतकरी बंधूंनी लिहिले आहे की मिरची आणि वांगी हिरवीगार, कमरेइतकी झाली, परंतु फुले थोडी आणि आलेली गळतात, आठवड्याला मूठभर युरिया देतो तरी असे का होते. प्रश्नातच उत्तर आलेले आहे. भाजीपाल्यास हेक्टरी 100 किलो नत्र द्यायचे ठरवले तर एका चौरस मीटरला ते केवळ 10 ग्रॅम पडते, म्हणजे युरियाच्या रूपात 22 ग्रॅम, आणि तेही एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत विभागून. आपल्या मुठीत याच्या दुप्पट युरिया सहज मावतो आणि आपण तो दर आठवड्याला एकेका झाडाला देत आहात. नत्र जास्त झाले की झाड पाल्याला लागते, फुले-फळे कमी येतात, आणि लुसलुशीत पाल्यावर मावा व तुडतुडे यांची गर्दी होते. परसातील वाफ्यास चौरस मीटरला दोन किलो चांगले कुजलेले शेणखत लावणीपूर्वी मिसळावे आणि पुढे महिन्याने मूठ-दोन मुठी गांडूळखत झाडाच्या बुंध्यापासून थोडे दूर द्यावे. कच्चे शेण टाकू नये, त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी येते. ज्यांना युरिया द्यायचाच आहे त्यांनी तो चमच्याने मोजून द्यावा.

तिसऱ्या प्रश्नाने मला काळजी वाटली. डाळिंबावर फवारून उरलेले औषध घरच्या वांग्यांवर मारले, अळी मेली, आता वांगी कधी तोडावीत, असे एकाने विचारले आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर ते कोणत्या पिकासाठी मान्य आहे आणि शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे दिलेले असते. डाळिंबासाठीचा प्रतीक्षा काळ वांग्याला लागू होत नाही, आणि जे औषध वांग्यासाठी मान्यच नाही त्याला वांग्याचा प्रतीक्षा काळ असा नसतोच. आपण कोणते औषध वापरले ते कळवलेले नाही, म्हणून सध्या झाडावर असलेली फळे तोडून खड्ड्यात पुरावीत, जनावरांनाही घालू नयेत, एवढेच मी सांगेन. शेतात सर्व माल एकदम तोडता येतो, परसात मात्र एक दिवसाआड दोन वांगी, चार मिरच्या तोडल्या जातात. येथे थांबायला दिवसच मिळत नाहीत. त्यामुळे परसबागेत रासायनिक कीटकनाशक शक्यतो आणूच नये. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 पासून बंदी आहे, तरी जुन्या सवयीने त्याचे नाव अजून तोंडी येते.

वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी दर चार दिवसांनी झाडे पाहावीत आणि सुकून मान टाकलेला शेंडा अळीसकट, पोखरलेल्या भागाच्या खाली बोटभर अंतर ठेवून कापून नष्ट करावा. दहा झाडांसाठी हे पाच मिनिटांचे काम आहे. एकरभर वांग्यात ते होत नाही म्हणून तेथे औषध लागते. त्याच्या जोडीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी निंबोळीच्या बियांची 50 ग्रॅम भरड पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून द्रावण पुन्हा एक लिटर करावे, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा आणि त्याच दिवशी सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. शिळा अर्क उपयोगाचा नसतो.

याच्याशी जवळचा एक प्रश्न तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे, आणि तिघांनीही तो रोग समजून विचारला आहे. टोमॅटो आणि दुधीची नवी पाने अचानक अरुंद, दोरीसारखी झाली, देठ पिळवटले, शिरा समांतर दिसू लागल्या. दोघांनी सोबत फोटो पाठवले, ते पाहता हा रोग नसून तणनाशकाचा परिणाम असण्याची शक्यता अधिक वाटते. मका, ज्वारी किंवा उसात टू-फोर-डी हे तणनाशक फवारलेला पंप नुसत्या पाण्याने विसळून त्यातूनच घरच्या झाडांवर काही फवारले गेले, किंवा शेजारच्या शेतातील फवारा वाऱ्याने आला, तर टोमॅटो, वेलवर्गीय पिके, पपई आणि कापूस यांवर अगदी थोड्या अंशानेही असे होते. विषाणूजन्य पर्णगुच्छात टोमॅटोची पाने वरच्या बाजूस वळतात, लहान होतात, कडा पिवळ्या पडतात, झाड खुजे राहते आणि त्यावर पांढरी माशी सापडते. तणनाशकाचा झटका सौम्य असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवीन फूट चांगली निघते, विषाणूत मात्र नवी फूटही तशीच रोगट येते. तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवून त्यावर तेलरंगाने ठळक खूण करावी. पिळवटलेल्या झाडांची फळे खाण्यास घेऊ नयेत.

कारली आणि दोडक्याच्या फळांत अळ्या होऊन फळे पिवळी पडून कुजतात, सापळा लावला तरी उपयोग नाही, असा पुढचा प्रश्न आहे. कामगंध सापळा, म्हणजे वासाने माशी ओढून घेणारा सापळा, लावला हे चांगले केले, परंतु त्यातील वासाची गोळी कोणती आहे ते पाहावे. आंबा व पेरूवरील फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉल लागते, तर कारली, दोडका, काकडी, दुधी यांवरील फळमाशीसाठी क्यू-ल्यूर लागते. दुकानात दोन्ही सापळे सारखेच दिसतात आणि बहुतेकांकडे पेरूसाठी घेतलेली गोळीच वेलाला टांगलेली आढळते. शिवाय या सापळ्यात केवळ नर माश्या अडकतात, अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. म्हणून खरा भर डंख लागलेली फळे गोळा करण्यावर द्यावा. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आत वाढते आणि नंतर मातीत शिरून कोष करते, हे चक्र आहे. डंखाचे, वाकडे झालेले फळ वेलावर किंवा खाली राहू न देता रोज उचलावे, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावे, मगच पुरावे. फळे उकिरड्यावर टाकली तर तेथूनच नव्या माश्या निघतात. वेलाखालची माती आठवड्याला खुरपून उन्हात उघडी करावी आणि फळ बोटाएवढे झाले की त्यावर कागदी पिशवी चढवावी.

फुले येतात पण फळ धरत नाही, हा याच वेलांबाबतचा दुसरा प्रश्न. आधी येणारी फुले बहुधा नर असतात व ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. तेही पिवळे पडून गळत असेल तर परागीकरण होत नाही असे समजून ते हाताने करावे. कारली, काकडी, भोपळा यांची फुले सकाळी उमलतात, परंतु दोडका आणि दुधीची संध्याकाळी उमलतात, त्यामुळे ताजे नर फूल तोडून मादी फुलावर हलके टेकवण्याचे काम त्या त्या वेळीच केले पाहिजे. सकाळी उठून दुधीच्या मिटलेल्या फुलांवर मेहनत घेणारे मी पाहिले आहेत.

पपईला लांब तुऱ्यांनी फुले लागतात पण फळ एकही नाही, असे विचारणाऱ्या बंधूंचे झाड नर आहे. बी खाल्लेल्या पपईचे असेल तर रोप नर निघेल की मादी हे फुले येईपर्यंत कळत नाही. परसात दोनच झाडे लावायची असतील तर तैवान 786 सारख्या, मादी व उभयलिंगी झाडेच देणाऱ्या वाणाची रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, आळ्यात मातीची भर देऊन बुंधा उंच ठेवावा. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे व फळांवर वर्तुळे दिसल्यास झाड उपटून टाकावे, कारण हा विषाणू माव्याबरोबर पसरतो आणि त्यावर औषध नाही. पपईच्या शेजारी काकडी-भोपळ्याचे वेल चढवू नयेत, तेही या विषाणूला आसरा देतात.

लिंबाच्या फळांना तडे जातात, याचे कारण पाण्यातील खंड. बरेच दिवस ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिले की साल फुटते. थोडे थोडे, परंतु नियमित द्यावे.

आता सप्टेंबर चालू असून आपल्याकडील निम्मा-शिम्मा भरवशाचा पाऊस याच काळात, परतीच्या वाटेवर पडतो. त्यामुळे टोमॅटो, वांगी, मिरची व कोबी यांची रोपे सध्या आडोशाला, ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर तयार करावीत आणि पाऊस ओसरून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, लावावीत. भारी काळ्या जमिनीत मीटरभर रुंद व वीतभर उंच गादीवाफे करावेत, मुरमाड जमिनीत मात्र सपाट वाफेच बरे, तेथे उंच वाफा लवकर सुकतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे सर्व बी एकाच दिवशी टाकू नये. एक चौरस मीटरचा तुकडा आज पेरावा आणि पुढचा पंधरा दिवसांनी, म्हणजे एकीकडे काढणी चालू असताना दुसरीकडे उगवण होत राहते. भेंडी लावणाऱ्यांनी परभणी क्रांतीसारखा केवडा या पाने पिवळी करणाऱ्या रोगास सहनशील वाण निवडावा आणि पिवळ्या शिरांचे झाड दिसताच ते उपटावे.

ज्यांना रोग की तणनाशक, हे ठरवता येत नाही, त्यांनी पान एकटे न आणता शेंड्याची वीतभर फांदी कागदात गुंडाळून मंडळ कृषी कार्यालयात सकाळच्या वेळी आणावी, आणि मागील पंधरा दिवसांत त्या पंपातून काय काय फवारले ते चिठ्ठीवर लिहून आणावे.