उंची कमी असली की माणूस मागे पडतो का?

प्रश्न: ताई, मी वीस वर्षांचा आहे, उंची १६० सेंमी. ग्रुपमध्ये सगळ्यात बुटका मीच. आता इंटरव्ह्यू सुरू होतील. उंच माणसाला नोकरी, पगार, मान सगळं पटापट मिळतं म्हणतात, ते खरंय का? उंची वाढवायची पावडर घेऊन बघू का?

उत्तर: उंचीने काहीच फरक पडत नाही असं मी तुला सांगणार नाही, कारण सरासरी काढली तर पडतो. २००४ मध्ये टिमोथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांनी अमेरिका-ब्रिटनमधल्या लोकांची माहिती तपासली तर एकेका इंचामागे वर्षाला साधारण ७८९ डॉलर जास्त कमाई दिसली. पण त्याच वर्षी पर्सिको, पोस्टलवेट आणि सिल्व्हरमन यांचा अभ्यास आला, तो तू नीट समजून घे. त्यांना असं दिसलं की पगारातला फरक आजच्या उंचीपेक्षा सोळाव्या वर्षीच्या उंचीशी जास्त जोडलेला आहे, म्हणजे आज दोघं सारखेच उंच असले तरी जो उशिरा वाढला तो कमाईत मागे, आणि त्याचं एक कारण म्हणजे शाळेत असताना बुटकी मुलं खेळात, क्लबमध्ये कमी उतरतात, मग चारचौघांत बोलायची, टीम सांभाळायची सवयच लागत नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं, कारण हे त्या मुलांच्या अंगात कमी होतं म्हणून झालेलं नाही.

लहानपणीचा आहार आणि आजारपण यांचाही भाग आहेच, त्याचा परिणाम उंची आणि बुद्धी दोन्हीवर होतो, आणि ते नुसत्या उंचीच्या खात्यावर जमा होतं.

तुझी जी सवय राहून गेली असेल ती विसाव्या वर्षीही लागते. ग्रुपमध्ये प्रेझेंटेशन कोण देणार असं विचारलं की तू हात वर कर, मॅच असेल तर उतर. मग्सी बोग्स तुझ्याएवढाच, १६० सेंमीचा, आणि एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, जिथे उंचीलाच सगळ्यात जास्त भाव, तिथे १४ सीझन खेळला. सगळ्यांना ते जमेल असं नाही, पण ऑफिसच्या कामात बास्केटची रिंग नसते.

पावडर मात्र घेऊ नकोस. हाडांच्या टोकाशी वाढीचा जो भाग असतो तो वयात आल्यावर हळूहळू बंद होतो आणि एकदा बंद झाला की कुठल्याही पावडरीने हाड लांब होत नाही. शंकाच असेल तर डॉक्टरांकडून एक एक्स-रे काढून घे.