कोकणात लाल चिरा आणि घाटावर काळा दगड, असं का?

तुम्ही विचारलंय की कोकणात घरं, गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती), विहिरी सगळं लाल जांभ्याचं, म्हणजे चिऱ्याचं, आणि घाट चढलं की वाडे, देवळं काळ्या दगडाची, ही लोकांची आवड का? आवड नाही हो, पायाखाली जे मिळालं तेच लावलं. आमचं मूळ घर रत्नागिरीकडे सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला आणि मी राहतो साताऱ्यात, त्यामुळे दोन्ही दगड लहानपणापासून बघतोय.

मुळात दोन्ही एकाच घरातले. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले तो काळा बेसाल्ट, आणि तोच बेसाल्ट उष्ण हवेत नि धो धो पावसात लाखो वर्षं कुजत गेला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. (घाटमाथ्यावर पण आहे बरं का, पाचगणीचं टेबललँड जांभ्याचंच.)

आता जांभ्याची खरी खुबी. खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, पूर्वी कुऱ्हाडीनेच तासायचे, आमच्या माजघराच्या भिंतीत प्रत्येक चिऱ्यावर ते तिरके घाव अजून दिसतात, हात फिरवला की बोटांना लागतात. उघड्यावर राहिला की मग टणक होतो. पण अंगभर भोकं, त्यामुळे बारीक नक्षी धरत नाही आणि पाणी पितो, म्हणून तर कोकणात उंच जोतं, लांब उतरतं छप्पर आणि बाहेर पडवी. बेसाल्टचं उलटं, फोडताना घाम निघतो पण चांगला दगड हातोडीखाली खणखणीत वाजतो आणि कड धरतो, म्हणून सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी देवळं चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून उभी राहिली.

दोन्ही एकत्र बघायचे तर जुन्या गोव्याचं बॉम जेझस चर्च बघा, १६०५ चं. भिंती जांभ्याच्या पण दर्शनी भागातल्या कोरीवकामाला बेसाल्ट वसईहून आणला. १९५० च्या दशकात बाहेरचा चुन्याचा गिलावा काढला आणि तेव्हापासून तो जांभा पावसात झिजतोय, मला बघताना खरंच वाईट वाटतं.

आमच्याकडे एका ठेकेदाराने मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं, दोन पावसाळ्यांत ओल आत अडकून पापुद्रे सुटले. शेवटी सगळं खरवडून चुना लावला, आता भिंत कोरडी आहे. तुमचं जुनं चिऱ्याचं घर असेल तर आधी चुन्याचं काम येणारा गवंडी शोधा.