काम अडलं की तीच साइट का उघडते?

“कामाला बसले की थोड्याच वेळात मी त्या साइटवर असते. कधी उघडली तेही आठवत नाही. मॅडम, मला व्यसन लागलंय का?”

हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, संशोधक विचारतात, घरून काम करणारे तर हमखास विचारतात. या वेळी विचारणारी होती एक अनुवादक (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दिवस साइटवर जायचा, काम रात्री जागून उरकायचं आणि सकाळी स्वतःलाच दूषणं द्यायची, असं बरेच महिने चाललं होतं. तिने ती साइट उघडूच न देणारा ब्लॉकर बसवला होता, पण तो दोन क्लिकमध्ये बंद करता येत होता.

‘व्यसन’ हा शब्द मी घाईने वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, वेबसाइट बघत बसण्याचा वेगळा विकार नाही. शिवाय हा शिक्का बसला की माणूस शोध घेणं थांबवतो.

तिला मी एक वही ठेवायला सांगितली. साइटवर किती वेळ गेला ते लिहायचं नाही. ती उघडण्याच्या आधी नेमकं काय चाललं होतं, तेवढी एकच ओळ. पुढच्या भेटीत तिने वही समोर ठेवली. ‘वाक्य दोनदा वाचलं, अर्थ लागेना.’ ‘संपादकांचा मेल आला, उघडला नाही.’ ‘नवीन प्रकरण सुरू करायचं होतं.’ वाचता वाचता तीच म्हणाली, “सोपा उतारा असतो तेव्हा मी कुठेच जात नाही की!”

माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये टाळाटाळीबद्दल हेच मांडलं होतं: आपण काम टाळतो ते त्या कामाने मनाला होणारा त्रास तेवढ्यापुरता थांबावा म्हणून. साइट तो त्रास लगेच थांबवते. वर तिथे पुढे काय दिसेल याचा नेम नसतो आणि पान कधी संपत नाही, म्हणून उठणं अवघड जातं. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग उपाय त्या क्षणासाठीच ठरवले. वाक्य अडलं तर ते पिवळं करायचं आणि पुढच्या वाक्याकडे जायचं, हे तिने कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवलं. ‘अमुक झालं तर तमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं असलं की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. कॉम्प्युटरवर कामासाठी वेगळं यूजर अकाउंट उघडलं, त्यात त्या साइटचं लॉगिन ठेवलं नाही. ब्लॉकरचा पासवर्ड भावाकडे दिला. फोन कामाच्या वेळी दुसऱ्या खोलीत. काम संपल्यावर मात्र साइट बघायला पूर्ण मोकळीक.

काही दिवस बरे गेले आणि एका भेटीला ती रडवेली होऊन आली. “सगळं मोडलं. अख्खा दिवस फोनवर गेला.” वही उघडली. त्या दिवशी दुरुस्त्यांनी लाल झालेली फाइल परत आली होती. ती फाइल तिने पाहिली, बंद केली आणि उठून फोन घेतला. “त्या लाल खुणा बघून काय वाटलं?” मी विचारलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आता यांना कळलं, मला काही येत नाही.”

पुढच्या कित्येक भेटींत आम्ही साइटबद्दल फारसं बोललोच नाही. बोललो ते या वाक्याबद्दल. मी तिला ती फाइल घेऊन यायला सांगितलं. एकेक दुरुस्ती वाचली. बहुतेक विरामचिन्हांच्या आणि शब्दांच्या पसंतीच्या होत्या, अर्थ चुकलेल्या जागा मोजक्या निघाल्या. ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं गरजेचं होतं. माझ्या दिलाशाने ते झालं नसतं.

लहानपणापासूनच कुठल्याही कामात लक्ष टिकत नसेल, किंवा झोप उडाली असेल आणि कशातच रस उरला नसेल, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड करणारा विकार) किंवा नैराश्य असेल तर नुसत्या ब्लॉकरने भागत नाही. तिच्या बाबतीत तशी गरज पडली नाही.

अवघड प्रकरण असलं की तिचा हात अजूनही तिकडे जातो. दुरुस्त्यांची फाइल ती आता सकाळी, सगळ्यात आधी उघडते. ब्लॉकर काढायचा का, असं शेवटच्या भेटीत मी विचारलं. “राहू दे,” ती म्हणाली, “पासवर्डही भावाकडेच राहू दे.”