विचारा मास्तरांना : भूकंप मोजायचा कसा?

प्रश्न : कोयनेच्या भूकंपाचा आकडा एका ठिकाणी ६.३ वाचला, दुसरीकडं ६.५. खरा कुठला? आणि रिश्टर स्केल दहापर्यंतच असते ना?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : म्हणजे दहापैकी सहा मार्क, असं धरून चाललाय तुम्ही! माझ्या वर्गातली पोरंही तसंच समजायची. रिश्टर स्केल ही पट्टी नव्हे की यंत्र नव्हे, तो हिशोब आहे. कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली तो मांडला, सोबत बेनो गुटेनबर्ग होते. वुड-अँडरसन हे एक ठरावीक यंत्र भूकंपाच्या केंद्रापासून १०० किलोमीटरवर आहे असं धरायचं. त्याच्या कागदावरची रेघ १ मिलिमीटर हलली तर भूकंप ३ चा, १ सेंटिमीटर हलली तर ४ चा, १० सेंटिमीटर हलली तर ५ चा. कोल्हापूर ते बेळगाव सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटरच भरतं. तेव्हा भूकंप कोल्हापुरात आणि यंत्र बेळगावच्या टिळकवाडीत, असं चित्र डोळ्यांपुढं आणा. एक आकडा चढला की रेघ दहापट होते, पण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन आकडे चढले तर हजारपट. वरची हद्द कुणी ठरवलेली नाही. आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप चिलीतला, १९६० चा, ९.५ चा. बारा पायऱ्यांचं जे मोजमाप वाचनात येतं ते मर्काली यांच्या नावाचं. त्यात यंत्र लागत नाही. माणसं किती घाबरली, भिंती किती फुटल्या, यावरून पायरी ठरते.

कोयनेचे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. यंत्र बसवलेल्या प्रत्येक ठिकाणाचं अंतर वेगळं, खालची जमीन वेगळी, लाटेचा कुठला भाग मोजला तेही वेगळं. शिवाय रिश्टर यांचा हिशोब फार मोठ्या भूकंपांना तोकडा पडतो. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी दुसरा दिला : किती क्षेत्राचा खडक किती सरकला, यावरून. मोठ्या भूकंपांना आता तोच लावतात. बातमीत मात्र रिश्टरच राहिले, वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत राहिलो तसे.

प्रश्न : सर, मी तुमची जुनी विद्यार्थिनी, आता खानापूरला असते. माझ्या आजेसासूबाई १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची गोष्ट सांगतात : "आधी उतरंडीतली भांडी खडखडली बघ. मांजर असंल म्हणून मी उठून चिमणी लावली, तवर पाळणा आपसूक हालाय लागला." घरातली मंडळी हसतात, की भूकंप एकच असतो, दोनदा कसा येईल? माझ्या सातवीतल्या मुलीचे आणखी दोन प्रश्न आहेत : जमीनच हलत असेल तर ती मोजणारं यंत्र हलत नाही का? आणि या शोधांत बाईमाणूस कुणी होतं का?

उत्तर : आधी घरच्या मंडळींना सांग, हसू नका. आजींनी भूकंपाच्या दोन लाटा वेगवेगळ्या ओळखल्या. हे यंत्रांच्या कागदावर दाखवून द्यायला एकोणिसावं शतक संपावं लागलं.

रिचर्ड ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी. त्यांचे वडील थॉमस त्याच खात्याचे पहिले प्रमुख. भारतातल्या भूकंपांची यादी बापानं जमवली आणि लेकानं छापून काढली, असं ते घराणं. १२ जून १८९७ ला आसाम-शिलाँगकडं प्रचंड भूकंप झाला. त्याचा तपास ओल्डहॅमनी केला, दूर इटलीतल्या यंत्रांवर उमटलेल्या रेघाही मागवून पाहिल्या. पुढच्या काही वर्षांत त्यांनी दाखवून दिलं की एकाच भूकंपातून आधी एक लाट येते, मग दुसरी, मग जमिनीच्या पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या. पहिली ढकलत येते, आवाजासारखी, सेकंदाला सहाएक किलोमीटर. दुसरी आडवे हेलकावे देत येते, साडेतीनच्या आसपास. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, तसंच.

आता हिशोब. दोन लाटांमधल्या सेकंदांना आठानं गुणलं की ढोबळ अंतर किलोमीटरमध्ये निघतं. कोयनानगर ते खानापूर सरळ रेषेत दोनशेच्या थोडं वर. म्हणजे मधे पंचवीसेक सेकंद. अंथरुणातून उठायचं, काडेपेटी चाचपायची, चिमणी लावायची, तेवढाच वेळ लागतो की नाही बघ.

मी तेव्हा दहा वर्षांचा, बेळगावच्या शहापुरात. ११ डिसेंबर, पहाटेचे साडेचार वाजायचे होते. मला पहिली लाट कळली नाही, दुसरीनं उठवलं. वडिलांच्या हातमागावर टांगलेला कंदील झुलत होता आणि माग करकरत होता. सगळी गल्ली घोंगडी पांघरून रस्त्यावर. कुणी म्हणालं कॅम्पाकडं काहीतरी उडालं, कुणी म्हणालं कलियुग. कोयनेचं नाव मागाहून कळलं. तिथं धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं तसे बारीक धक्के सुरू झाले होते, म्हणून यंत्रंही बसवलेली होती.

यंत्र हलत नाही का, हा तुझ्या मुलीचा प्रश्न खरा अवघड. हलतं की! पण त्यातली एक वस्तू मागं राहते. वर्गात मी दोरीला पाच किलोचं माप टांगायचो, खाली स्केच पेन बांधायचो, पेनाखाली बाकावर कागद. बाक हलवला की कागद सरकतो, माप जडपणामुळं जागेवर, आणि कागदावर जिलेबी उमटते. एकदा दोरी तुटली, शहाबादी फरशी फुटली, आणि तो प्रयोग मला पगारातून पडला.

पण साधा लंबक फक्त झटपट हलण्याला पुरतो. दूरच्या भूकंपाची लाट सावकाश येते, एकेक हेलकावा वीस सेकंदांचा. तेवढा सावकाश झुलणारा लंबक हवा तर दोरी शंभर मीटर लांब लागेल, म्हणजे जवळजवळ कोयना धरणाच्या उंचीएवढी. यावरची युक्ती तुमच्या जुन्या घरात सापडेल. चौकट ओळंब्यात नसली की दार आपोआप, अगदी सावकाश, एका जागी येऊन थांबतं. बिजागरीचा आस जितका कमी कलता, तितकं दार सुस्त. असं दार लंबक म्हणून वापरलं की दोन वितींच्या यंत्रात काम भागतं. एर्न्स्ट फोन रेबॉयर-पाश्विट्झ यांचा असलाच आडवा लंबक जर्मनीत पोट्सडामला होता, आणि १७ एप्रिल १८८९ रोजी त्यावर जपानमधला भूकंप उमटला. पृथ्वीच्या पलीकडचा धक्का घरबसल्या टिपता येतो, हे तेव्हा कळलं.

या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटतात जॉन मिल्न. १८७६ साली खाणकाम शिकवायला टोकियोला गेले आणि भूकंपांच्याच नादी लागले. १८८० मध्ये योकोहामाला धक्का बसला, त्याच वर्षी त्यांनी जपानची भूकंप संस्था उभी केली. युइंग आणि ग्रे या सहकाऱ्यांबरोबर यंत्रं बनवली. पण यंत्रं गावोगाव कुठून आणणार? मग त्यांनी टोकियोच्या आसपासच्या गावांतल्या सरकारी कचेऱ्यांना पोस्टकार्डांचे गठ्ठेच पाठवले. दर आठवड्याला एक कार्ड टाका, किती धक्के जाणवले ते लिहा. कार्डं आली, नकाशा भरत गेला. पुढं १८९५ मध्ये त्यांचं घर जळालं, ते इंग्लंडला आयल ऑफ वाइटवर परतले आणि तिथून जगभर आपली यंत्रं बसवली. आपल्याकडं कलकत्त्यात अलीपूरला भूकंप मोजण्याचं पहिलं केंद्र १८९८ मध्ये झालं.

आता बाईमाणूस. इंगे लेहमान, डेन्मार्कच्या. त्या देशात भूकंप नावालाच, आपल्या बेळगावासारखा निवांत मुलूख. बाई यंत्रं सांभाळायच्या आणि जगभरच्या नोंदी कार्डांवर उतरवून ओटच्या पिठाच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवायच्या. १९२९ मध्ये न्यूझीलंडला भूकंप झाला. त्याच्या काही लाटा जिथं पोचायलाच नकोत अशा ठिकाणी पोचलेल्या त्यांना दिसल्या. पृथ्वीच्या पोटातला द्रव गाभा तोवर माहीत होता. त्याच्याही आत आणखी एक वेगळा गोळा आहे, असा अर्थ त्यांनी १९३६ साली लावला. तो आतला गाभा. त्या लेखाचं शीर्षक फक्त एक अक्षर होतं, पी, त्यावर एक छोटी खूण. बाई १०४ वर्षं जगल्या.

तुझ्या मुलीला एक काम देतो. आजींजवळ बसून विचारायचं : पाळणा कुठल्या दिशेला हलत होता, माजघराच्या दाराकडं की चुलीकडं? ते दार उगवतीला की उत्तरेला? उतरंडीतलं सर्वांत वरचं मडकं पडलं का, आणि कुठल्या बाजूला? पोस्टकार्डावर लिहून मला पाठव म्हणावं.