अमेरिकेत दोन उमेदवारांना समान मतं पडली तर खरंच चिठ्ठी टाकतात का?

टाकतात. आणि ज्यांच्यामुळे ती वेळ आली त्यांतली एक मी आहे, म्हणून लिहायला बसले.

2017 साली आम्ही व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला राहायचो. ऑगस्टमध्ये मी नागरिकत्वाची शपथ घेतली, मतदार यादीत नाव घातलं. यांचं तेव्हा ग्रीन कार्डच होतं, म्हणजे घरात मत एकच, माझं. 7 नोव्हेंबरला गव्हर्नरची आणि हाउस ऑफ डेलिगेट्सच्या, म्हणजे राज्याच्या विधानसभेच्या, 100 जागांची निवडणूक होती. व्हर्जिनियात राज्याच्या निवडणुका विषम वर्षी येतात आणि काँग्रेसच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, सम वर्षी, त्यामुळे आपली देशी मंडळी राज्याच्या निवडणुकीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

त्या संध्याकाळी जर्सीहून दीर-जाऊ यायचे होते. सव्वासहा वाजले होते, केंद्र सातला बंद होणार, आणि माझे हात कणकेत. "जाऊन येते" म्हटलं तर हे म्हणाले, "अगं, अध्यक्षाची निवडणूक असती तर गोष्ट वेगळी. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला तरी कधी गेलीस का?" सगळे हसले. मीही हसले आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

आमचा मतदारसंघ 94 वा. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डेव्हिड यॅन्सी 10 मतांनी पुढे. डिसेंबरात फेरमोजणी झाली आणि डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने पुढे गेल्या: 11,608 विरुद्ध 11,607. दुसऱ्याच दिवशी तीन न्यायाधीशांपुढे एक वादातली मतपत्रिका आली. दोघांच्याही नावापुढचे गोल काळे केलेले आणि सायमंड्सच्या गोलावर एक रेघ. न्यायाधीशांनी ते मत यॅन्सींचं धरलं. दोघंही 11,608.

तो आकडा वाचताना मी ऑफिसात डबा खात होते. पुढचा घास उतरला नाही. ज्याने मतपत्रिका धड भरलीसुद्धा नाही त्याचं मत मोजलं गेलं, आणि मी पोळ्या लाटत होते.

4 जानेवारी 2018 ला रिचमंडमध्ये दोन चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांत घातल्या, डबे एका चिनी मातीच्या भांड्यात ठेवले आणि निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी त्यातला एक उचलला. यॅन्सी! सभागृह 51-49 असं रिपब्लिकनांकडे राहिलं. नाहीतर 50-50 झालं असतं.

चिठ्ठी म्हटलं की इथले लोक "हा काय पोरखेळ" म्हणतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. त्याच वर्षी मुंबई महापालिकेत 220 नंबरच्या वॉर्डात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर असेच बरोबरीत आले होते, तिथेही चिठ्ठीनेच शहा निवडून आले. पोरखेळ चिठ्ठीचा नाही, घरी बसणाऱ्यांचा आहे.

हां, नियम राज्यागणिक वेगळा. नेवाडात पत्ते काढतात, काही ठिकाणी पुन्हा मतदान घेतात. तुमच्या राज्याचा कायदा तुम्हीच बघा.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर यांच्याकडेही एक मुद्दा आहे. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा; सभागृह कुणाकडे जातं यावर ज्याचा विस्तार अवलंबून म्हणून एवढा जीव टांगणीला लागला होता, तो 2018 मध्ये काही रिपब्लिकनांच्या मतांनी मंजूर झालाच. "मग काय बिघडलं?" असं हे दर दिवाळीला विचारतात. बिघडलं हे की माझ्या दारात आलेला निकाल एका भांड्याने लावला. कुणाला मत दिलं असतं ते विचारू नका, ते मी यांनाही सांगितलेलं नाही.

2019 ला पुन्हा तेच दोघं समोरासमोर होते. कोर्टाच्या आदेशाने मतदारसंघाच्या सीमा बदलल्या होत्या, सायमंड्स आरामात निवडून आल्या. माझ्या मताची तेव्हा कुणालाच गरज नव्हती. तरी सकाळी सहाला केंद्र उघडायच्या आधी मी दारात उभी होते. संध्याकाळी पोळ्या यांनी लाटल्या. एकही गोल नव्हती.