गंडम : आधी सिनेमे बघ

अरे, १९७९ च्या 'मोबाइल सूट गंडम' या महाकाय रोबोंच्या युद्धाच्या जपानी ॲनिमे मालिकेचे ४३ भाग एकदम अंगावर घेऊ नकोस, दमशील. तीच मालिका कापूनजोडून केलेले १९८१-८२ चे तीन सिनेमे आधी बघ. दर आठवड्याला नवा रोबो यायचा नि पडायचा, ती भरताड बरीच छाटलीय. पंधरावा भाग तर अख्खा गायब. गंडम रोबोला जोडायचं, खेळणं वाटणारं जी-आर्मर हे यान जाऊन कोअर बूस्टर हे लढाऊ विमान आलं, बरंच झालं!

तिसरा चुकवू नकोस. मालिकेच्या शेवटी पात्रं रेखाटणारे, ॲनिमेशन सांभाळणारे यासुहिको आजारी होते, चित्रं ढेपाळली. इथे त्यांनी बरीच नव्याने काढली.

पहिला जरा पळतो, नावं डोक्यावरून जातील, जाऊ देत. फक्त गंडम चालवणारा पोरगा आम्रो आईला भेटतो तिथे मोबाइल बाजूला ठेव. तिच्यादेखत तो पिस्तूल चालवतो, तेव्हा तिचा चेहरा बघ.